बट्टा, हुंडणावळ आणि चालू खाते

पैसा सांभाळणे, मोजणे आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणे हे काम जगात कोणी फार काळ फुकट केलेले नाही. ते करणाऱ्याने आपली मजुरी कोठून तरी काढून घेतलीच आहे. कधी ती उघड मागून घेतली, कधी मुदलातून कापली, तर कधी दुसऱ्याचा पैसा काही दिवस वापरून भरून काढली. हल्ली बाजारपेठेतला छोटा दुकानदार तक्रार करतो, की बँकेतले खाते पूर्वी फुकट होते आणि आता उठल्या बसल्या पैसे कापले जातात. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु ‘पूर्वी फुकट होते’ हा तिचा पाया मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ही गोष्ट नीट समजून घेण्यास आमच्या विंचूरसारखे जुने बाजाराचे गाव फार उपयोगी पडते.

विंचूर हे पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचे गाव. ते १७६१ च्या पानिपतावर होते. गावावरूनच त्यांच्या घराण्यास विंचूरकर हे नाव पडले. सरदारांचे ठाणे म्हटले की शिपायांचे पगार, वसुलाची ने-आण आणि पुण्याकडे भरणा हे आलेच. अशा ठिकाणी सराफावाचून पान हलत नसे. त्यातून त्या काळी रुपया एक नव्हता. उत्तरेला सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या चांदवडास टांकसाळ होती आणि तेथला चांदवडी रुपया या भागात चाले. पुण्याकडे अंकुशी रुपया चाले, त्याशिवाय इतर टांकसाळींची नाणी होतीच. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. म्हणून एक नाणे देऊन दुसरे घेताना सराफ शेकडा काही कापून घेई. हाच बट्टा. नावाला बट्टा लागणे हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, यावरून हा व्यवहार लोकांच्या किती अंगवळणी पडला होता ते दिसते. कंपनी सरकारने १८३५ साली एक तोळा वजनाचा एकसारखा रुपया सुरू केला, आणि सराफाची ही मिळकत हळूहळू आटत गेली.

दुसरी मिळकत हुंडीची. विंचूरच्या व्यापाऱ्यास मुंबईच्या आडत्याला हजार रुपये पोचवायचे असले, तर रोकड घेऊन घाट उतरणे धोक्याचे असे. तो आपल्या सराफाकडे रक्कम भरी आणि सराफ मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहून देई. हुंडी दर्शनी असली तर दाखवताच पैसे मिळत. मुदती असली तर ठरलेल्या दिवशी. या सेवेबद्दल सराफ जे घेई त्यास हुंडणावळ म्हणत. तिचा भाव हंगामाप्रमाणे चढे-उतरे. माल खरेदीसाठी मुंबईचा पैसा वर येऊ लागला की एक भाव, आणि पावसाळ्यात व्यापार थंडावला की दुसरा. परंतु हा भाव बाजारात बोलला जाई. एका सराफाने जास्त मागितले तर व्यापारी शेजारच्या पेढीची पायरी चढे. सराफ धर्मात्मा होता असे नव्हे. त्याचा दर हुंडी लिहिण्यापूर्वी कळत असे, एवढेच.

याच्या उलट रीत सावकाराची. कुणब्याने शंभर रुपयांचे खत लिहून द्यावे आणि हातात शंभराहून कमी पडावेत, हा प्रकार दख्खनेत सर्रास चाले. मधली रक्कम मनोती म्हणून आधीच कापलेली असे. व्याज मात्र पुऱ्या शंभरावर चढे. किती दिले, किती फिटले, किती उरले, हे सावकाराच्या वहीत असे आणि ती वही कुणब्यास वाचता येत नसे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि कर्जे वाढली. पुढे भाव कोसळले, कर्जे तशीच राहिली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हा दंगा पसरला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की दंगेखोरांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खते आणि रोखे हस्तगत करून जाळणे हे त्यांचे पहिले काम असे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यातील एका तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पैसे भरल्याची लेखी पावती, दरसाल हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुकात नोंद करून घेणे, हा शेतकरी ऋणकोचा हक्क ठरवण्यात आला, आणि तो डावलणाऱ्या धनकोस दंडाची शिक्षा ठेवण्यात आली. आज बँकेच्या खिडकीपाशी आपण जे छोटे पुस्तक पुढे सरकवतो, त्याचा एक धागा असा दंग्याच्या राखेपर्यंत पोचतो. या कायद्याच्या अंमलावर देखरेख करणारे न्यायाधीश म्हणून पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम पाहिले. त्यांचा जन्म १८४२ साली आमच्या निफाडचा.

त्यानंतर पेढीची जागा बँकेने घेतली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. १९३५ साली पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र स्थापन झाली. १९ जुलै १९६९ रोजी देशातील चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खेड्यापाड्यांत शाखा उघडू लागल्या. किराणा, कापड, शेतीची औजारे विकणाऱ्या माणसाने प्रथमच बँकेची पायरी चढली आणि चालू खाते उघडले. त्याच्या आठवणीतले ‘फुकट’ खाते ते हेच.

हे खाते खरोखर फुकट होते काय? चालू खात्यावर बँक व्याज देत नाही, असा आपल्याकडे नियमच आहे. दुकानदाराची शिल्लक बँक दुसऱ्यास व्याजाने देते, आणि त्या व्याजातून चेकबुकाचा, कारकुनाचा, रोकड मोजण्याचा खर्च निघतो. म्हणजे दुकानदार सेवेची किंमत देतच होता, फक्त ती न मिळालेल्या व्याजाच्या रूपाने देत होता, म्हणून त्याला दिसत नव्हती. इंग्लंडात २००२ साली तेथील स्पर्धा आयोगाने हाच हिशेब मांडला. चार मोठ्या बँकांना त्याने सांगितले, की छोट्या धंद्यांना चालू खात्यावर व्याज द्या, नाही तर त्यांचे व्यवहार फुकट करा. काही वर्षांनी ते बंधन उठले, पण व्याज आणि शुल्क ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत हे त्यातून स्पष्ट झाले.

आपल्याकडे सप्टेंबर १९९९ पर्यंत बँकांच्या संघटनेने ठरवलेले दर सर्वसाधारणपणे पाळले जात. त्यानंतर शुल्क ठरवण्याची मुभा प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळास मिळाली. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. पाठोपाठ मार्च २०१७ पासून काही मोठ्या खासगी बँकांनी महिन्यातील चार फुकट व्यवहारांनंतर रोकड भरण्या-काढण्यावर किमान दीडशे रुपये लावले. एप्रिल २०१७ पासून स्टेट बँकेने किमान शिल्लक न राखल्याचा दंड पुन्हा सुरू केला. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत या दंडाचे १,७७१ कोटी रुपये जमा झाले. देशभर ओरड झाली. २०१८ साली दंड बराच उतरवण्यात आला आणि मार्च २०२० मध्ये बचत खात्यांपुरता तो रद्द झाला. चालू खात्याचा दुकानदार मात्र या सवलतीच्या बाहेर राहिला. त्याला किमान शिल्लक सांभाळावी लागते, मर्यादेबाहेर रोकड भरली तर शुल्क पडते, आणि शुल्कावर शेकडा अठरा कर द्यावा लागतो. शिल्लक कमी पडली म्हणून दंड, आणि त्या दंडावर कर, हे गणित पाचवीच्या मुलास समजावून सांगताना शिक्षकाची तारांबळ उडेल.

येथे विंचूरचा बाजार पुन्हा उपयोगी पडतो. आमचा कांद्याचा बाजार लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. तीत वजन, भाव, आणि हमाली, तोलाई, वाराई अशी कपात ओळीओळीने लिहिलेली असते. ती लिहिलेली असते म्हणूनच तिच्यावर भांडता येते. पूर्वी भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. पिढ्यान्‌पिढ्या तक्रार चालली, आणि २०१६ साली ती खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय राज्य सरकारने केला. जी कपात डोळ्यांना दिसते, ती आज ना उद्या हलवता येते.

बँकेचे दरपत्रकही छापलेले असते, हे खरे. पण ते कित्येक पानांचे, बहुधा इंग्रजीत, आणि दुकानदारास कळते ते पैसे गेल्यावर, मोबाईलवरील एका ओळीच्या निरोपातून. तो शाखेत विचारायला जातो, तर कारकून म्हणतो, ‘वरून कापले जाते.’ शेजारच्या सराफाकडे जाण्याचा मार्ग जुन्या व्यापाऱ्यास होता. आजच्या दुकानदाराचे कर्ज, कराचा भरणा आणि गिऱ्हाइकांचे पैसे एकाच खात्यात गुंतलेले असल्याने त्यास तो सहज मोकळा नाही. मोबाईलवरून येणाऱ्या पैशांवर जानेवारी २०२० पासून दुकानदारास शुल्क द्यावे लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. तरीही गल्ल्यावरची जी पेटी ‘रक्कम मिळाली’ म्हणून ओरडते, तिचे महिन्याचे भाडे बहुतेकांना भरावेच लागते. हेही फुकट दिसते आणि फुकट नसते. सरकार ज्या दिवशी आपला हात आखडता घेईल, त्या दिवशी ही किंमतही कोणाकडून तरी वसूल होईल.

तेव्हा बँकेने शुल्क घेऊच नये, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. काम झाले तर मजुरी आलीच. मागणी करायची ती जुन्या कायद्याइतकीच साधी आहे: कपात करण्यापूर्वी कळवा, मराठीत कळवा, आणि कांद्याच्या पट्टीप्रमाणे एकेक ओळ लिहून द्या. सराफाचा बट्टा लोकांनी सोसला, कारण तो तोंडावर सांगितला जाई. सावकाराची मनोती शेवटी कागदांच्या होळीपर्यंत गेली, कारण वहीत काय लिहिले आहे हे कुणब्यास ठाऊक नव्हते. बँकांनी यांपैकी कोणाचा वारसा चालवायचा, हे त्यांनीच ठरवायचे आहे. आणि कोणता चालवू द्यायचा, हे आपल्या दुकानदारांनी.