अपग्रेडेशन, रेल्वे आरक्षणातील
आरक्षित रेल्वे प्रवाशाला जादा भाडे न घेता वरच्या वर्गातील रिकामी शायिका देण्याची संगणकीय पद्धत. भारतीय रेल्वेने ती 2006 मध्ये सुरू केली. खालच्या वर्गात प्रतीक्षायादी असताना वरच्या वर्गातील जागा वाया जाऊ नयेत, हा तिचा हेतू.

नांदगावहून (जि. नाशिक, मनमाड–चाळीसगाव लोहमार्ग) जाणाऱ्या गाडीचे स्लीपर भरलेले असले आणि थ्री टियर एसीत शायिका उरल्या, तर तक्ता तयार होताना संगणक स्लीपरमधील काही प्रवाशांना वर नेतो व सुटलेल्या शायिका प्रतीक्षायादीला देतो (पहा : आरएसी, प्रतीक्षायादी). वरच्या वर्गाची स्वतःची प्रतीक्षायादी असल्यास आधी तिचा विचार होतो. गाडी सर्वच वर्गांत भरलेली असेल, तर बदल होत नाही. पूर्ण भाडे भरलेले आणि तिकीट काढताना पर्याय न नाकारलेले प्रवासीच पात्र ठरतात. सवलतीची तिकिटे व पास वगळले जातात. एका पीएनआरवरील सर्वांना एकत्र वर नेतात किंवा कोणालाच नाही. पीएनआर तोच राहतो, डबा व शायिका क्रमांक बदलतात. त्यामुळे चढण्यापूर्वी तक्ता पुन्हा पाहणे आवश्यक. तिकीट रद्द केल्यास मूळ वर्गाचेच शुल्क कापले जाते.

याउलट काही परदेशी क्रूझ कंपन्या वरच्या केबिनसाठी प्रवाशांकडून बोली मागवतात. बोली स्वीकारली तरच रक्कम आकारतात आणि जहाज भरलेले असल्यास केबिन रद्द होण्यावरच सारे अवलंबून असते (पहा : पर्यटन, सागरी). रेल्वेत बोली नाही. बदलाचा लाभ वर गेलेल्याइतकाच, खाली शायिका मिळालेल्या प्रतीक्षायादीतील प्रवाशालाही होतो.