फडक्यातल्या भाकरीचं कार्ड कुणी छापलं नाही

आज आपण इतिहासाबद्दल बोलू, पण राजेरजवाड्यांच्या नाही. रेल्वेचं जुनं तिकीट, गाडीतल्या जेवणाचं छापील कार्ड, सहलीची पुस्तिका, या कागदांच्या इतिहासाबद्दल बोलू. असे कागद जमवण्याचा छंद जगात पुष्कळांना आहे. तुम्ही म्हणाल, रद्दीत घालायचे कागद ते, त्यातून काय मिळणार?

एक उदाहरण सांगते. १ जून १९३० ला मुंबई-पुणे ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. जेवणाच्या डब्यासाठी ही गाडी आजही प्रसिद्ध आहे. अशा डब्यांत पदार्थांची नावं छापलेलं कार्ड टेबलावर असे. काही प्रवासी ते आठवण म्हणून घरी नेत, म्हणून काही कार्डं टिकली. पण या गाडीला सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचा डबा लागला १९५५ साली, म्हणजे २५ वर्षांनी.

मग गरीब माणूस प्रवासात काय खात होता? आपल्या आज्या-पणज्या भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून निघायच्या. त्या जेवणाचं कार्ड कुणी छापलं नाही. साहेबाच्या जेवणाचा कागद राहिला, आपल्या शिदोरीचा राहिला नाही. कागद ज्याचा राहतो, इतिहासही त्याचाच लिहिला जातो.

सहलीच्या पुस्तिकांचंही तेच. १९२०-३० च्या काळात रेल्वेने प्रवासाला बोलावणारी रंगीत चित्रं आणि पुस्तिका छापल्या. त्या बहुतेक इंग्रजीत, पैसेवाल्या प्रवाशांसाठी. शेगावला, पंढरपूरला गर्दीच्या डब्यात उभ्याने जाणाऱ्या बाईसाठी त्या नव्हत्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. कारंज्यावरून ‘शकुंतला’ जायची. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची लाईन, इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर धावली. बाजाराला, माहेराला, दवाखान्यात जाणाऱ्या बायांची ती गाडी होती. आता ती बंद आहे. आपल्या तालुक्यात तर जऊळका गावाच्या नावातच ‘रेल्वे’ आहे. तिथून जाणारी अकोला-पूर्णा लाईन आधी मीटरगेज होती. २००८ च्या सुमारास तिथे मोठी लाईन आली. मीटरगेजच्या काळातली पुठ्ठ्याची छोटी तिकिटं आता कुणाच्या पेटीत असतील तर असतील. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे इंजिनं आणि डबे बघायला मिळतात. पण त्या डब्यात कोण बसलं होतं आणि कशासाठी निघालं होतं, हे इंजिन सांगत नाही. ते घरातले कागद आणि घरातली म्हातारी माणसं सांगतात.

म्हणून दिवाळीची साफसफाई करताना पत्र्याची पेटी रद्दीवाल्यापुढे उपडी करू नका. आधी चाळा. यात्रा कंपनीचं पत्रक, काशीयात्रेच्या खर्चाची वही, जत्रेची जाहिरात, जुनं तिकीट निघालं तर बाजूला ठेवा. त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये पक्कं बंद करू नका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कोण गेलं, कुठे, कधी, सोबत काय खायला नेलं. सासूबाईंना, आजीला विचारून लिहा. हे आजच करा, कारण कागद पेटीत राहील, पण सांगणारी राहीलच असं नाही.

आणि आपलेही कागद जपा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. ते तिकीटसुद्धा उद्याचा इतिहास आहे. मशीनच्या तिकिटावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, म्हणून त्याचा फोटो काढा किंवा वहीत उतरवून ठेवा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने असा एकेक कागद आणावा. ज्यांच्या घरी कागद नाही, त्यांनी आजीच्या एका प्रवासाची आठवण आणावी आणि ती गटाच्या वहीत लिहून घ्यावी. त्या भाकरीचं कार्ड कुणी छापलं नाही, आपण ते हाताने लिहू.