परड्यातील कोंबडी आणि मोडाचे धान्य

बेळगावहून खानापूरच्या दिशेने निघाले की मोकळी शेते हळूहळू मागे पडतात आणि सह्याद्रीचे रान जवळ येऊ लागते. त्या रानात पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा हा या मुलुखाचा फार जुना रहिवासी होय. गावच्या कोंबडीशी त्याचे नाते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पक्षिशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर थेट परड्यातील खुराड्यापर्यंत आणि कोंबडीपुढे टाकलेल्या मूठभर दाण्यापाल्यापर्यंत येऊन पोचते.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा हे सर्वमान्य आहे. तथापि २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी असे दाखवून दिले की, कोंबडीच्या पिवळ्या कातडीस कारण असलेला आनुवंशिक गुण बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. मात्र हा गुण म्हणजे केवळ पात्रता. पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही. हिरवा पाला, पिवळा मका अशा खाद्यातूनच तो तिच्या पायांत आणि अंड्याच्या बलकात उतरतो. कोंबडीचे पिवळे पाय हा एका अर्थी तिने काय खाल्ले याचा उघडा जमाखर्चच असतो.

धान्याशी तर कोंबडीचे नाते त्याहून जुने. थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली कोंबडीची हाडे इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातील असून, निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशी ती सर्वांत जुनी असल्याचे मत २०२२ साली मांडण्यात आले. भात व बारीक धान्ये पिकू लागली, दाण्याच्या ओढीने रानपक्षी वस्तीजवळ आला आणि तिथेच राहिला, असा या मताचा आशय आहे. माणसाने कोंबडी पकडून आणली असे म्हणण्यापेक्षा, त्याच्या खळ्याने तिला बोलावून घेतले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सीमाभागात हे खळे तीन प्रकारचे आहे. खानापूरकडे भात आणि नाचणी, बेळगावच्या आसपास भात आणि भाजीपाला, तर निपाणीच्या बाजूला तंबाखूबरोबर ज्वारी. घरोघरी उखळ आणि जाते चालत होते तोवर कण्या, कोंडा आणि भाजीचे देठ परड्यातच पडत. कोंबडी उकिरडा उकरी, किडे टिपी, कोवळे गवत खुडी. तिच्यासाठी वेगळा खर्च नसे आणि अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राही. मटकीला मोड आणणे किंवा नाचणी भिजवून, मोड आणून सत्त्व करणे ही विद्याही त्याच स्वयंपाकघरात होती.

या साध्या आहारात काय दडले होते, हे विज्ञानाला कोंबडीनेच शिकविले. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे डच वैद्य क्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी पांगळ्या होऊ लागल्या आणि काही महिन्यांनी तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा सडीक भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारले, पुन्हा असडीक तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या सुधारल्या. गुण होता तो कोंड्यात. या शोधाच्या वाटेनेच पुढे जीवनसत्त्वांची कल्पना उदयास आली आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम यांना विशिष्ट कृत्रिम आहारावरील पिलांत रक्तस्राव आढळला. त्यातून ‘के’ जीवनसत्त्वाचा शोध लागला. १९३९ साली ते ज्या वनस्पतीतून वेगळे काढण्यात आले, ती म्हणजे आपल्याकडील गुराढोरांच्या ओळखीची लसूणघास.

थंड देशांतील शेतकऱ्यांना ही उणीव आधीच जाणवली होती. हिवाळ्यात बर्फाखाली हिरवा चारा नाहीसा होई, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ओट धान्य भिजवून, थाळ्यांत मोड आणून कोंबड्यांना घालण्याची चाल पडली. जीवनसत्त्वयुक्त तयार खाद्य मिळू लागल्यावर ती मागे पडली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला; चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. त्याच वर्षी सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कुक्कुटपालनास सरकारी चालना मिळाली. पुढे पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या, पिंजरे आणि पोत्यातील खाद्य आले. या बदलाची निंदा करणे अन्यायाचे होईल. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तर पिंजऱ्यातील कोंबडी तीनशेच्या घरात जाते. शहरांना अंडी पुरविली ती तिनेच. परंतु परड्यात चार-सहा कोंबड्या राखणारीला पोत्याचा भाव परवडत नाही, आणि गिरणी आल्यापासून घरचा कोंडाही पूर्वीसारखा उरलेला नाही. मोडाचे धान्य आज पुन्हा आठवते ते याचमुळे.

मात्र त्याचा हिशेब चोख मांडला पाहिजे. एक किलो धान्यापासून आठवड्याभरात पाच-सहा किलो हिरवा चारा उभा राहतो, हे खरे. पण वाढलेले वजन पाण्याचे असते. कोरड्या मापाने पाहता मूळ धान्यातील काही भाग मोडाच्या वाढीत खर्चच होतो. लाभ आहे तो गुणाचा. दाण्यात अडकून पडलेले स्फुरद काही अंशी मोकळे होते, पचन सुलभ होते आणि हिरव्या पात्यातून बलकाला रंग मिळतो. म्हणून मोड हे पूरक अन्न समजावे, पोटभरीचे नव्हे. गहू वा मका रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधावा, दोन-तीन दिवसांत मोड आल्यावर घालावा. बुरशी दिसली तर तो निःशंकपणे फेकून द्यावा.

निपाणीकडच्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हाताशी असलेले धान्य म्हणजे ज्वारी. परंतु ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य तयार होते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात ती याच द्रव्यामुळे. ज्वारी कोंबडीला कोरडीच घालावी. तिचा हिरवा कोंब कधीही घालू नये. त्याऐवजी तांदुळजा, चाकवत किंवा मेथीचे देठ पुष्कळ बरे.

उखळ गेले, त्याबरोबर कोंबडीच्या वाट्याचा कोंडाही गेला. ती तूट परड्यातली बाई आता ओल्या फडक्यातील मूठभर धान्याने भरून काढू शकते. अंड्यांचा पैसा तिच्या हाती राहावा यासाठी एवढी खटपट खचित सार्थकी लागेल.