शब्दबोध : प्रिसिपिटेट

‘प्रिसिपिटेट’ हे इंग्रजी क्रियापद मूळ लॅटिनमधून आले. त्यातील ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘कापुत’ म्हणजे डोके. डोके पुढे करून उंचावरून कोसळणे, हा त्याचा मूळ भाव. उंच कड्याला इंग्रजीत ‘प्रिसिपिस’ म्हणतात, तो याच कुळातला. पावसाला आणि हिमाला हवामानशास्त्रज्ञ ‘प्रिसिपिटेशन’ म्हणतात तेही यामुळेच. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तळाशी बसणारा अवक्षेप म्हणजेही ‘प्रिसिपिटेट’.

कार्यकारणभाव सांगताना मात्र या शब्दाला वेगळेच वजन येते. एखादी घटना, आणि तीही बहुधा अनिष्ट, एकाएकी किंवा वेळेआधी घडवून आणणे, असा त्याचा अर्थ. २८ जून १९१४ रोजी साराएव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली आणि बरोबर एका महिन्याने ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. या हत्येने पहिले महायुद्ध ‘प्रिसिपिटेट’ केले, असे म्हणता येते. राष्ट्रांचे परस्परविरोधी गट, शस्त्रस्पर्धा, बाल्कन प्रदेशातील तेढ ही कारणे आधीपासून साचलेली होती. हत्या हे निमित्त ठरले. ‘कॉज’ म्हणजे कारण आणि ‘प्रिसिपिटेट’ करणारे ते निमित्त, हा भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तो प्रकार मात्र हा नव्हे. तिथे दोन घटनांत संबंधच नसतो. इथे तो असतो, फक्त फांदी आधीच किडलेली असते.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. मुसळधार पावसात जुनी इमारत कोसळते. वृत्तात पावसाला ‘कॉज’ म्हटले, की वर्षानुवर्षे दुरुस्ती टाळणारे सगळे सुटले. पावसाने ती दुर्घटना ‘प्रिसिपिटेट’ केली असे लिहिले, तर मूळ कारण कोणते, हा प्रश्न उभाच राहतो. वृत्तलेखकाने येथे शब्द तोलूनच वापरावा.

या क्रियापदापुढे ‘टू’सारखे शब्दयोगी अव्यय लागत नाही, कर्म थेट येते. हाच शब्द विशेषण म्हणूनही येतो, तेव्हा अर्थ ‘अविचाराने, घाईने केलेला’ असा होतो आणि शेवटच्या अक्षराचा उच्चार ‘टेट’ऐवजी आखूड, ‘टट’सारखा करतात. ‘प्रिसिपिटस’ हे विशेषण मुख्यतः उभ्या कड्यासाठी किंवा भावांच्या तीव्र घसरणीसाठी वापरावे.