गणिताच्या मास्तरांची शिदोरी

एम.ए.च्या वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'शालापत्रक' यावर टीप विचारली की विद्यार्थी एक ठरलेले उत्तर लिहितात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे संपादन, पुढे विष्णुशास्त्र्यांचे लेखन, संस्कृत कवींवरील निबंध, सरकारी रोष आणि १८७५ साली अखेर. तोवर 'निबंधमाला' सुरू झालेलीच होती. आम्हीही वर्षानुवर्षे हेच उत्तर शिकवले आणि त्याला पूर्ण गुण दिले. या उत्तरातून एक गोष्ट गळते, ती म्हणजे नावातली शाळा. 'शालापत्रक' हे मुळात शाळामास्तरांसाठी काढलेले विद्याखात्याचे मासिक होते. गावोगावच्या शिक्षकाच्या हाती वाचायला, शिकायला आणि शिकवायला काही असावे, हे त्याचे प्रयोजन. ते प्रयोजन आम्ही पुसून टाकले आणि त्या जागी एका थोर गद्यकाराची उमेदवारी तेवढी ठेवली.

एकदा हे ध्यानात आल्यावर इतर नावेही निराळी दिसू लागली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत. 'शून्यलब्धिगणित' हा कलनशास्त्रावरचा मराठी ग्रंथ त्यांचा. आणि अल्प आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. कृष्णशास्त्री पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे, म्हणजे मास्तरांच्या शाळेचे, प्रमुख होते. मेजर कँडी यांना आम्ही विरामचिन्हांपुरते ओळखतो; शालेय पुस्तकांची भाषा तपासण्यात त्यांची हयात गेली. मराठी गद्याचा इतिहास आणि मराठी शाळामास्तराच्या शिक्षणाचा इतिहास अशा रीतीने एकाच घरात वाढले. पुढे भाऊबंदकी होऊन वाटण्या झाल्या. साहित्य आमच्याकडे आले, मास्तर अध्यापक विद्यालयाकडे गेला, आणि गणिताचा मास्तर तर आमच्या दृष्टीने गावाबाहेरच राहिला.

त्याच्या शिदोरीत काय काय होते, कोणी बांधून दिले आणि त्यात आमचा वाटा किती, एवढेच येथे पाहायचे आहे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजीपाशी छापील पुस्तक नव्हते. त्याची सामग्री कंठस्थ होती: पाढे आणि त्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे हे पाढे बाजारासाठी होते. सव्वातीन शेर धान्याचा भाव काढणाऱ्याला कागद लागत नसे. या शाळेचे गोडवे गाण्याचे आम्हाला कारण नाही. तिथे छडी होती, घोकंपट्टी होती. मुली नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलेही नव्हती. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पंतोजीचे गणित आणि पंतोजीची भाषा यांत अंतर नव्हते. 'पाऊण' या शब्दात 'पाद' आणि 'ऊन' आहेत, म्हणजे पावाने कमी. 'सव्वा' म्हणजे सपाद. 'दीड'च्या मुळाशी 'द्व्यर्ध' आहे, दुसरा अर्धा. 'अडीच'च्या मुळाशी 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. आणि 'औट' म्हणजे साडेतीन, 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. 'औटघटकेचे राज्य' या प्रयोगात ती औटकी आजही जिवंत आहे. वर्गात विचारले तर अर्थ सगळे सांगतात, आकडा कोणी सांगत नाही.

१८२०च्या दशकात मुंबईत शाळापुस्तके सिद्ध करणारी मंडळी स्थापन झाली आणि त्यांच्या कामाची धुरा जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअर अधिकाऱ्याकडे आली. त्यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने चार्ल्स हटन यांचे गणित मराठीत आणले. हटन हे वूलिच येथील लष्करी विद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांचा पाठ्यक्रम तोफखान्याच्या व इंजिनिअरीच्या उमेदवारांसाठी रचलेला होता. तेव्हा मराठीतील आरंभीच्या छापील गणिताला थोडा दारूगोळ्याचा वास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जर्व्हिस यांच्या हेतूविषयी मात्र शंका घेऊ नये. १८४७च्या सुमारास शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला तेव्हा एर्स्किन पेरी यांच्या इंग्रजीच्या आग्रहाविरुद्ध जगन्नाथ शंकरशेट यांच्या बरोबरीने देशी भाषांची बाजू घेणारे ते होते.

पण या भाषांतराने मास्तराचे स्थान बदलले. पंतोजी आपल्या सामग्रीचा धनी होता. नवा मास्तर दुसऱ्याने रचलेल्या पुस्तकाचा वाचक झाला. परिभाषेसाठी शास्त्रीमंडळी साहजिकच संस्कृताकडे वळली. 'त्रैराशिक' तर भास्कराचार्यांच्या परंपरेत होतेच. पुढे 'लघुतम साधारण विभाज्य' आणि 'महत्तम साधारण विभाजक' असे शब्द रुळले आणि मुलांनी त्यांचे 'लसावि-मसावि' करून सूड उगवला. परिभाषा वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. भाषेला ती हवीच होती. दुःख इतकेच की पाऊण, सव्वा, दीड हे शब्द हिशेबात राहिले आणि 'अपूर्णांक' नावाचा धडा त्यांच्याशी ओळख न दाखवता पुस्तकात सुरू झाला. चहाच्या टपरीवर 'दीड कप' सहज म्हणणारे पोर वर्गात एक पूर्णांक एक छेद दोन पाहून बावरते. दोन्ही एकच आहेत हे त्याला सांगायचे, तर ते आधी मास्तराला कोणी तरी सांगितलेले असावे लागते.

न्यू इंग्लिश स्कूलचा काळ आम्ही भरभर ओलांडतो, कारण तो इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे. टिळक तिथे गणित शिकवीत, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक मॅकमिलनने काढले. त्याच्या उत्पन्नाचा त्यांना पुढे आधार झाला. पुस्तक इंग्रजीत होते. मास्तराने मास्तरासाठी आणि मुलांसाठी लिहावे, ही गोष्ट मात्र त्यात होती, आणि ती आम्हाला महत्त्वाची वाटते.

तिचे सर्वांत विलक्षण उदाहरण देवळालीत सापडते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. फर्ग्युसनमध्ये असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संख्यांच्या गमती हा त्यांचा ध्यास. पुस्तिका ते स्वतःच्या खर्चाने छापीत. त्यांचा प्रसिद्ध स्थिरांक ६१७४ त्यांनी १९४९ साली मांडला, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर जगाला त्यांचे नाव कळले. इथल्या विद्वानांपैकी अनेकांना तोवर ते एक छांदिष्ट मास्तर वाटत.

हा स्थिरांक साहित्याच्या वाचकानेही एकदा करून पाहावा. चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करावी. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळा केल्यावर ६१७४ येते आणि तिथून हलत नाही. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१, पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पायऱ्या. ज्याने चौथीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवली असेल त्याला यातली मेख चटकन कळेल. एरवी पंचवीस उदाहरणे घाला म्हटले तर कुरकुरणारी मुले इथे आपण होऊन वजाबाक्या करीत सुटतात, आणि ६१७४ न आल्यास चूक शोधायला स्वतःच मागे जातात. हा शोध एका शाळामास्तराचा आहे, तो त्या पेशाबाहेरचा नाही. आम्हाला खंत आहे ती याची की कापरेकर 'थोर गणिती' म्हणून चरित्रमालेत गेले, आणि शिक्षक स्वतः आपली सामग्री निर्माण करू शकतो याचा दाखला म्हणून त्यांचे नाव प्रशिक्षणाच्या वर्गात फारसे निघत नाही.

स्वातंत्र्यानंतर यंत्रणा वाढली. १९६७ साली बालभारती आली, सत्तरच्या दशकात 'संच' घेऊन नवे गणित आले, १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले, १९८६च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्था निघाल्या. यांतल्या चांगल्या कामाला आम्ही उणे लेखत नाही. काड्यांचे गठ्ठे, मणी, चिंचोके, दशकाच्या दांड्या हे साहित्य वर्गात पोहोचले ते अशाच प्रयत्नांतून. पण प्रशिक्षणाची रीत बहुधा जर्व्हिसकालीनच राहिली: वरून पुस्तक येते आणि खाली ते समजावून दिले जाते.

मग जून २०१९ उजाडला. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस'च्या जोडीने 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले होते. जुनी नावे काढलेली नव्हती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी, म्हणजे 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिणाऱ्या लेखिकेने, कारण स्पष्ट केले होते: 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात, त्यातून जोडाक्षरे, शेजारच्या दाक्षिणात्य भाषांत मात्र दशक आधी बोलला जातो. यावर जो गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. वर्तमानपत्रांतून विनोद झाले, विधानसभेतही थट्टा झाली. मराठीचा गळा घोटला जात आहे, असे लोक म्हणू लागले.

आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी तेव्हा काय केले? स्टाफरूममध्ये हसलो. आमच्यापैकी काहींनी भाषाभिमानाची पत्रेही लिहिली. प्रस्ताव पूर्णपणे पटण्याजोगा होता असे आजही आम्हाला वाटत नाही. घरी आजी 'बावन्न' म्हणत असेल तर शाळेतले 'पन्नास दोन' किती टिकणार? पण आक्षेप घेण्याआधी जे सांगणे आमचे काम होते ते आम्ही सांगितले नाही. 'बावन्न'मधला 'बा' हा 'द्वा'चा वंशज आहे आणि तोच बारा, बावीस, बासष्ट, बाहत्तर यांत आहे. बत्तिसात त्याचा 'ब' होतो, बेचाळिसात 'बे', ब्याऐंशीत 'ब्या'. 'बाहत्तर'मधले 'हत्तर' म्हणजे 'स'चा 'ह' झालेले सत्तर. 'एकोणीस'मध्ये 'एक' आणि 'ऊन' आहेत, विसाला एक कमी. आणि ही वजाबाकी एकोणनव्वदपर्यंत नेमाने चालून नव्व्याण्णवशी थबकते. ज्या मुलाला ही नावे म्हणजे निव्वळ शंभर सुटे आवाज वाटतात, त्याच्या शिक्षकाला ही वंशावळ ठाऊक असती तर गोंधळ निम्मा झाला असता. ती वंशावळ आमच्या भाषाविज्ञानाच्या तासाला फळ्यावर होती. तिथून ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गेली आणि रद्दीत विकली गेली. मंगलाताई २०२३ साली गेल्या. त्यांना एक पत्र लिहायचे राहिले, हे आम्ही कबूल करतो.

अलीकडे एका तालुक्याच्या ठिकाणी प्राथमिक शिक्षकांपुढे संख्यानामांवर बोलण्याचा योग आम्हाला आला. गणिताच्या प्रशिक्षणात मराठीचे मास्तर कशाला, अशी चर्या सुरुवातीला सर्वांचीच होती. 'औट'पर्यंत आलो तेव्हा मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या. "सर, मग 'बे सक बारा'तला सक कोण?" आम्ही म्हटले, षट्क, सहांचा समूह. 'चोक' म्हणजे चतुष्क. 'त्रिक' तर जसेच्या तसे संस्कृत. 'बे' हे प्राकृतातले दोन. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पाढ्यात गट आधीपासूनच आहेत. आणि आम्ही गट शिकवायला वेगळा तक्ता करतो."

त्यांनी पिशवीतून चिंचोके काढले आणि टेबलावर 'बे त्रिक सहा' मांडले: तीन-तीनचे दोन ढीग. शेजारच्या गुरुजींनी हरकत घेतली. बे तीन वेळा, म्हणजे दोन-दोनचे तीन ढीग हवेत. पाढा बेचा आहे, तीनचा नव्हे. बाई म्हणाल्या, शब्द 'त्रिक' आहे, तर ढीग तीनांचाच होणार. पाच-सहाजण टेबलाभोवती जमले. कोणी तरी दोन्ही मांडण्या एकीखाली एक केल्या, मग चिंचोके ओळीने लावून तोच चौकोन आधी उभा आणि मग आडवा पाहिला. साधनव्यक्तींनी चहाची वेळ झाल्याचे दोनदा सांगितले. टेबलाजवळून कोणी हलले नाही.