ओलियम गळती, दिल्ली (१९८५)

श्रीराम फूड अँड फर्टिलायझर इंडस्ट्रीजच्या दिल्लीतील आवारात ४ डिसेंबर १९८५ रोजी झालेला अपघात. ओलियमची टाकी ज्या सांगाड्यावर बसवली होती तो कोसळला आणि टाकी फुटली. तीस हजारी न्यायालयातील एक वकील मृत्युमुखी पडले. दोनच दिवसांनी नळाच्या सांध्यातून पुन्हा किरकोळ गळती झाली.

सल्फ्युरिक अम्लात सल्फर ट्रायऑक्साइड विरघळवले की ओलियम बनते. दमट हवा लागताच त्यातून अम्लाच्या सूक्ष्म थेंबांचे पांढरे धुके उठते. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. वर थेट पाणी ओतावे तर उष्णता भडकते व वाफा वाढतात. सगळीच अम्ले इतकी तीव्र नसतात: व्हिनेगरातील ॲसिटिक अम्ल सौम्य, कारण त्याचे थोडेच रेणू आयनांत फुटतात. सल्फ्युरिकचे पाण्यात जवळजवळ सगळेच.

त्याच आवारात कॉस्टिक सोडा, क्लोरीन, सुपरफॉस्फेट, साबण आणि वनस्पती तूपही बनत असे. ही मोट वाटते तितकी विजोड नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा, क्लोरीन व हायड्रोजन मिळतात; कॉस्टिक या तीव्र आम्लारीने तेलाचा साबण होतो, हायड्रोजनने वनस्पती. सल्फ्युरिक अम्ल खनिज फॉस्फेटला खतात बदलते. विजोड होती ती जागा: तीन किलोमीटरांत सुमारे दोन लाखांची वस्ती.

कारखान्याविरुद्ध एम. सी. मेहता यांची याचिका गळतीपूर्वीच दाखल होती. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने धोकादायक उद्योगांवर अपवादरहित, संपूर्ण दायित्व टाकले.