दांड्यापासून मॉड्यूलपर्यंत

अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामझूची फुलर कंपनी ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी नावाजलेली. 1958 मध्ये ती ईटनने विकत घेतली. त्या काळचा तिचा ‘रोडरेंजर’ गिअरबॉक्स हाताळणं ही कलाच होती: इंजिनाचा आवाज ओळखायचा, क्लच दोनदा दाबायचा, मग गिअर टाकायचा. वेळ चुकली की दात खरखरत.

2001 मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने ट्रकसाठी आय-शिफ्ट ही स्वयंचलित गिअरप्रणाली आणली. गिअरचा निर्णय इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे गेला, तो बदलण्याचं काम हवेच्या दाबाकडे.

मेकॅनिकचं कामही पालटलं. असा ट्रक न्यूट्रलमध्ये अडकला, की जाणता कारागीर आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजतो, मग कनेक्टर उघडून पिनांवरचा हिरवट गंज शोधतो. वायरिंग निर्दोष ठरलं, तरच मॉड्यूल बदलायचं. नव्यात त्या ट्रकचं सॉफ्टवेअर भरून क्लचचं कॅलिब्रेशन करावं लागतं; ते राहिलं, तर नव्या मॉड्यूलवरही गिअर अडखळतात.